पहिला डेस्कटॉप घेताना कोटेशन कसे मागावे आणि कसे वाचावे

साताऱ्याला माझी आत्या घरगुती मसाले, कुरडया आणि पापड विकते. तीन वर्षांपूर्वी ऑर्डरी आणि उधारी वहीत मावेनाशी झाली, तेव्हा तिने जवळच्या दुकानातून डेस्कटॉप संगणक घेतला. पुढच्या दिवाळीत मी तिच्याकडे गेलो आणि तिची सकाळची रीत पाहिली. कॅबिनेटचे बटण दाबायचे, स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकायचा, चहा गाळून कप घेऊन यायचे, आणि तरीही पडद्यावरचे ते गोल चक्र फिरतच असायचे. बिल मागितले तर त्यावर एकच ओळ होती: ‘कॉम्प्युटर सेट, आय-५, ८ जीबी, १ टीबी’. संगणकात पाहिले तेव्हा प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू, निघाला आय-५ ३४७०, म्हणजे २०१२ साली बाजारात आलेला, आणि १ टीबी ही फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क होती. मनाला सर्वांत जास्त लागले ते हे, की त्या ओळीतला एकही शब्द खोटा नव्हता. प्रोसेसर आय-५च होता, रॅम, म्हणजे चालू काम मांडायची जागा, ८ जीबीच होती, साठवणही १ टीबीच होती. जे लिहिले नव्हते, त्यात आत्याचे पैसे गेले.

तांत्रिक ज्ञान नसलेल्या माणसाने संगणकाचे शास्त्र शिकावे अशी अपेक्षा कोणी करू नये. परंतु कोटेशन, म्हणजे दुकानदाराने वस्तू आणि भाव लिहून दिलेला एक कागद, नीट मागता आणि वाचता आला, तर फसगतीची बहुतेक दारे बंद होतात. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या एका कागदाभोवती आहेत.

पायरी पहिली: काम लिहून काढावे

दुकानात जाण्यापूर्वी घरीच एका कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात: संगणक कोण वापरणार, त्यावर कोणती कामे होणार, आणि तो कोठे ठेवला जाणार. कामे लिहिताना ‘सगळेच’ असे न लिहिता नावानिशी लिहावे. ई-मेल, बँक, ऑनलाइन अर्ज, सातबाऱ्याचा उतारा काढणे, एक्सेलमधले हिशेब, टॅली, एमएस-सीआयटीचा सराव, मुलांचे ऑनलाइन वर्ग, चित्रपट पाहणे ही सर्व कामे एकाच गटात मोडतात आणि त्यांना साधा, पण नव्या पिढीचा संगणक पुरतो. फोटोशॉप किंवा कोरलड्रॉमध्ये पत्रिका आणि फ्लेक्स तयार करणाऱ्याला अधिक रॅम आणि चांगला मॉनिटर लागतो. व्हिडिओ संपादन, त्रिमितीय आरेखन आणि मोठे गेम हा तिसरा गट असून त्याला वेगळे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग, लागते. ज्यांचे काम या तिसऱ्या गटात आहे त्यांनी आपण वापरणार असलेल्या सॉफ्टवेअरच्या संकेतस्थळावर दिलेली आवश्यकता कोटेशनसोबत जोडावी. हा लेख मुख्यतः पहिल्या गटासाठी आहे, कारण घरी किंवा छोट्या व्यवसायात पहिला संगणक घेणारे बहुतेक लोक तेथेच असतात.

संगणकाला जोडायच्या वस्तूही याच कागदावर लिहाव्यात: प्रिंटर, डिजिटल सहीचा टोकन, अंगठ्याचे यंत्र, बारकोड स्कॅनर. यातली काही यंत्रे केवळ विंडोजवर चालतात, आणि टॅलीही विंडोजसाठीच बनवलेली आहे. ही बाब पुढे ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे विंडोजसारखी संगणक चालवणारी मूळ प्रणाली, ठरवताना निर्णायक ठरते.

पायरी दुसरी: कोणत्या प्रकारचा डेस्कटॉप

ब्रँडेड, असेंबल्ड, ऑल-इन-वन आणि मिनी पीसी असे चार प्रकार दुकानात दिसतील. ब्रँडेड संगणक कंपनीने जुळवून दिलेला असतो, त्याला एकच वॉरंटी असते आणि बहुधा मूळ परवान्याचे विंडोज त्यात आधीच असते. असेंबल्ड संगणकाचा प्रत्येक भाग वेगळा निवडता येतो आणि पुढे वेगळा बदलताही येतो. मात्र प्रत्येक भागाची वॉरंटी स्वतंत्र असते, त्यामुळे दुकानदार भरवशाचा असणे येथे फार महत्त्वाचे आहे. ऑल-इन-वनमध्ये सगळे यंत्र मॉनिटरच्या पाठीमागेच असते. टेबलावर तो सुबक दिसतो, पण पाच वर्षांनी त्याचा पडदा किंवा आतील बोर्ड बिघडला की दुसरा धड भागही अडून बसतो. जागेची खरोखरच अडचण नसेल तर मी तो सुचवत नाही. मिनी पीसी जागा आणि वीज दोन्ही कमी घेतो आणि कार्यालयीन कामाला उत्तम चालतो. फक्त रॅम आणि एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान साठवण) नंतर वाढवता येते का, एवढे विचारून घ्यावे.

ज्यांच्या ओळखीत संगणक समजणारे कोणी नाही आणि गावात दुरुस्तीची सोय नाही, त्यांनी ब्रँडेड घ्यावा आणि ‘ऑन-साइट’ वॉरंटी, म्हणजे घरी येऊन दुरुस्ती, आपल्या पिनकोडवर मिळते की नाही हे आधी तपासावे. ज्यांच्या जवळ वर्षानुवर्षे टिकलेले, फोन उचलणारे दुकान आहे, त्यांना असेंबल्ड संगणक त्याच पैशांत अधिक चांगला पडू शकतो.

पायरी तिसरी: कोटेशन एकेक ओळ वाचावे

दुकानात संपूर्ण पेटीलाच ‘सीपीयू’ म्हणण्याची पद्धत आहे. कोटेशनवर मात्र त्या पेटीतल्या प्रत्येक भागाची स्वतंत्र ओळ असावी आणि प्रत्येक ओळीत कंपनी, मॉडेल क्रमांक, किंमत आणि वॉरंटी असावी.

पहिली ओळ प्रोसेसरची, आणि येथेच सर्वांत जास्त सावध राहावे. इंटेलच्या प्रोसेसरमधील आय-३, आय-५, आय-७ ही नावे केवळ त्या त्या पिढीतला दर्जा सांगतात. पिढी कोणती हे पुढचा क्रमांक सांगतो. डेस्कटॉपच्या प्रोसेसरमध्ये क्रमांक चार अंकी असेल तर पहिला अंक आणि पाच अंकी असेल तर पहिले दोन अंक ही पिढी होय. त्यामुळे ३४७० हा तिसऱ्या पिढीचा, ८४०० हा आठव्या आणि १२४०० हा बाराव्या पिढीचा. ऑल-इन-वन आणि मिनी पीसीत अनेकदा लॅपटॉपचे प्रोसेसर बसवतात. तेथे १२३५यू असा, १ ने सुरू होणारा चार अंकी क्रमांक दिसला तर पहिले दोन अंक धरावेत. बाराव्या पिढीचा साधा आय-३ १२१०० हा आत्याच्या आय-५ ३४७० पेक्षा कितीतरी वेगवान आहे, म्हणून ‘आय-५ आहे’ या उत्तरावर कधीही थांबू नये. ‘पूर्ण क्रमांक लिहून द्या’ एवढे शांतपणे म्हणावे. २०२४ पासून इंटेलचे नवे डेस्कटॉप प्रोसेसर ‘कोअर अल्ट्रा’ या नावाने येऊ लागले, त्यामुळे ज्या नव्या संगणकावर ‘आय’ हे अक्षर नाही तो कमी प्रतीचा, असे समजू नये. एएमडी कंपनीचे रायझन प्रोसेसरही तितकेच विश्वासाचे आहेत.

क्रमांकाच्या शेवटी येणाऱ्या अक्षरालाही अर्थ असतो. इंटेलच्या क्रमांकाला शेवटी ‘एफ’ असेल, उदाहरणार्थ १२१००एफ, तर त्यात चित्र दाखवण्याची अंगभूत सोय नसते. वेगळे ग्राफिक्स कार्ड घातल्याशिवाय मॉनिटरवर काहीही दिसणार नाही. रायझन ५ ५६००जी मध्ये ती सोय आहे, नुसत्या ५६०० मध्ये नाही. एका अक्षराने किंमत थोडी कमी दिसते, आणि मग त्यापेक्षा महाग कार्ड घ्यावे लागते.

जुन्या पिढीचा प्रोसेसर टाळण्याचे आणखी एक ठोस कारण आहे. विंडोज १० साठीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा रायझनची २००० मालिका, आणि त्यापुढचे प्रोसेसर लागतात. शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. त्याआधीचा संगणक आज विकत घेणे म्हणजे विंडोजच्या सुरक्षा सुधारणा न मिळणारे यंत्र विकत घेणे होय, आणि ज्यावर बँकेचे व्यवहार होणार त्या यंत्राबाबत हा धोका पत्करू नये.

दुसरी ओळ मदरबोर्डची, म्हणजे बाकीचे सगळे भाग ज्यावर जोडले जातात त्या पाटीची. येथे एका शून्याचा फरक डोळ्यांत तेल घालून पाहावा. ‘एच६१’ हा २०११ मधला, दुसऱ्या-तिसऱ्या पिढीसाठीचा प्रकार असून ‘एच६१०’ हा २०२२ मध्ये बाराव्या पिढीसोबत आलेला प्रकार आहे. एच६१ प्रकारचे बोर्ड आजही नव्या कोऱ्या खोक्यात मिळतात आणि त्यावर वापरलेले जुने प्रोसेसर बसवून ‘नवा संगणक’ विकला जातो. आत्याच्या कॅबिनेटमध्ये तेच होते. खोके नवे, बोर्ड नवा, वॉरंटी कार्डही नवे. आणि यंत्र मात्र दहा वर्षांपूर्वीचे.

तिसरी ओळ रॅमची. रॅम हा स्वयंपाकाचा ओटा समजावा आणि साठवण हे फडताळ. फडताळ कितीही मोठे असले तरी ओटा अरुंद असेल तर एका वेळी एकच पातेले मांडता येते. आज ८ जीबी ही किमान मर्यादा आहे, पण संगणक पाच-सहा वर्षे वापरायचा असेल तर १६ जीबी घ्यावी. बजेट अगदीच आखडते असेल तर ८ जीबीची एकच पट्टी घ्यावी आणि दुसरी खाच मोकळी ठेवावी, म्हणजे पुढे दुसरी पट्टी घालता येते. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्यांच्या पट्ट्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत, म्हणून कोणती आहे तेही लिहून घ्यावे. २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या, आणि अशा काळात महिन्याभरापूर्वीचे कोटेशन निरुपयोगी ठरते. म्हणून ते किती दिवस ग्राह्य आहे हे त्यावरच नोंदवायला सांगावे.

चौथी ओळ साठवणीची, आणि ‘एसएसडी’ हा शब्द तेथे असलाच पाहिजे. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १५० एमबी वाचते, साटा प्रकारची एसएसडी सुमारे ५५० एमबी वाचते आणि एनव्हीएमई प्रकारची काही हजार. परंतु खरा फरक या आकड्यांपेक्षाही मोठा जाणवतो, कारण विंडोज सुरू होताना हजारो लहान फायली निरनिराळ्या ठिकाणांहून वाचाव्या लागतात आणि तबकडीवरचा काटा त्या शोधत फिरत राहतो. हार्ड डिस्ककडून कोणत्याही एसएसडीकडे आल्यावर सुटकेचा श्वास टाकावासा वाटतो. साटाकडून एनव्हीएमईकडे गेल्यावर घरगुती कामात फारसे काही जाणवत नाही. ‘५१२ जीबी एसएसडी’ आणि ‘१ टीबी’ असे दोन पर्याय शेजारी ठेवले तर दुसरा मोठा वाटतो, पण त्यात एसएसडी हा शब्द नसेल तर तो सोडून द्यावा. संगणकावर ५१२ जीबीची एसएसडी सुमारे ४७६ जीबी दिसते. ती मोजण्याच्या पद्धतीतील तफावत आहे, त्यात लबाडी नाही.

पाचवी ओळ बहुतेक कोटेशनांवर नसतेच: एसएमपीएस, म्हणजे घरातली वीज संगणकाच्या भागांना योग्य दाबाने पुरवणारा डबा. पुष्कळदा तो ‘कॅबिनेटसोबत’ येतो आणि त्यावर छापलेल्या वॉटच्या आकड्याला काही आधार नसतो. हलका एसएमपीएस स्वतः जळतो तेव्हा कधी कधी मदरबोर्डलाही सोबत घेऊन जातो. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकाला नावाजलेल्या कंपनीचा, ‘८० प्लस’ ही कार्यक्षमतेची खूण असलेला ४५० वॉटचा एसएमपीएस भरपूर होतो. रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटवरचे पैसे वाचवून येथे लावावेत असा माझा आग्रह आहे.

मॉनिटर कोटेशनवर केवळ ‘२२ इंच’ असा लिहून भागत नाही. १९२० बाय १०८० हे रिझोल्युशन (पडद्यावरच्या ठिपक्यांची संख्या) आणि आयपीएस पॅनेल (बाजूने पाहिले तरी रंग फारसे न बदलणारा पडदा) या दोन गोष्टी लिहून घ्याव्यात. १३६६ बाय ७६८ चे लहान मॉनिटर अजूनही स्वस्तात मिळतात, पण त्यावर मराठी वाचताना अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरे एकमेकांत मिसळतात. दुकानात चालू असलेल्या मॉनिटरवर एखादे मराठी वृत्तपत्राचे पान उघडायला सांगावे आणि ‘उद्ध्वस्त’, ‘श्रद्धा’, ‘कर्तृत्व’ असे शब्द नेहमीच्या अंतरावरून स्पष्ट वाचता येतात का ते स्वतः पाहावे. मॉनिटर आठ-दहा वर्षे टिकतो, प्रोसेसर बदलला तरी तोच चालतो, आणि डोळे तर एकच जोडी असतात.

उरलेल्या गोष्टी लहान, पण विसरल्या जाणाऱ्या आहेत. लॅपटॉपमध्ये कॅमेरा, माइक, स्पीकर आणि वाय-फाय असतातच. डेस्कटॉपमध्ये ते गृहीत धरू नयेत. असेंबल्ड संगणकाच्या स्वस्त मदरबोर्डवर बहुधा वाय-फाय नसते. इंटरनेटचा राउटर जवळ असेल तर त्याला थेट जोडणारी लॅनची तार सर्वांत उत्तम, नाहीतर वाय-फायचे वेगळे कार्ड किंवा यूएसबी अडॅप्टर कोटेशनमध्ये घालून घ्यावा.

विंडोजची ओळ स्वतंत्र असावी. ‘विंडोज टाकून देतो’ हे वाक्य आणि ‘मूळ परवान्यासह विंडोज ११ होम’ ही ओळ यांत मोठे अंतर आहे. चोरीच्या प्रतीसोबत काय काय आत आले आहे हे कळायला मार्ग नसतो, आणि त्याच यंत्रावर आपण बँकेचा पासवर्ड टाकत असतो. खर्च झेपत नसेल तर लिनक्स मिंट किंवा उबंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टिम आणि वर्ड-एक्सेलसारखी कामे करणारे मोफत लिबरऑफिस हा सन्मानाचा मार्ग आहे; फक्त पहिल्या पायरीतली यादी पाहून आपली यंत्रे आणि सॉफ्टवेअर त्यावर चालतात याची खात्री करावी. मराठी टंकलेखनासाठी वेगळे काही विकत घेण्याची गरज नाही. विंडोजमध्ये भाषा मराठी जोडली की इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो आणि विंडोजचे बटण व स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी-मराठी बदलता येते.

पायरी चौथी: विजेची सोय

डेस्कटॉपला बॅटरी नसते. वीज गेली की लिहीत असलेले काम गेले, आणि वारंवार असे झाले तर साठवणीलाही इजा होऊ शकते. ६०० व्हीए क्षमतेचा यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर थोडा वेळ वीज पुरवणारी बॅटरीची पेटी, साध्या संगणकाला आणि मॉनिटरला साधारण १० ते १५ मिनिटे देतो. तेवढ्यात काम जतन करून संगणक रीतसर बंद करावा. त्यावर काम चालू ठेवू नये. लेझर प्रिंटर यूपीएसला जोडू नये, कारण तो सुरू होताना एकदम मोठा भार घेतो.

अर्थिंगकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. अनवाणी पायांनी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे झाले, तर बहुधा त्या सॉकेटला अर्थिंग नाही असे समजावे आणि संगणक बंद करून वायरमनला बोलवावे. ‘थोडा करंट तर येतोच’ असे कोणी म्हणाले तरी ते मान्य करू नये. घरात लहान मुले असतात.

पायरी पाचवी: तीन ठिकाणी एकच मजकूर

आत्याने या वर्षी नवा संगणक घ्यायचे ठरवले, तेव्हा आम्ही दोघांनी बसून एक मजकूर तयार केला आणि तिने तो तीन दुकानांना व्हॉट्सॲपवर पाठवला. तो जसाच्या तसा देतो: ‘नमस्कार. घरगुती व्यवसायासाठी डेस्कटॉप हवा आहे. बाराव्या किंवा पुढच्या पिढीचा आय-३ अथवा समकक्ष रायझन, अंगभूत ग्राफिक्ससह. रॅम १६ जीबी. एसएसडी ५१२ जीबी. ८० प्लस एसएमपीएस. मॉनिटर २२ ते २४ इंच, १९२० बाय १०८०, आयपीएस. वाय-फाय. मूळ विंडोज ११. यूपीएस ६०० व्हीए. प्रत्येक भागाची कंपनी, पूर्ण मॉडेल क्रमांक, जीएसटीसह किंमत, वॉरंटी आणि कोटेशनची मुदत लिहून पाठवावी. सर्व भाग नवे असावेत.’

एका दुकानातून ‘ताई, दुकानात या, बघू’ एवढेच उत्तर आले. दोघांनी सविस्तर कोटेशन पाठवले. त्यातले स्वस्त कोटेशन पुण्याचे होते आणि महाग तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरचे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याचा टिळक रोड येथे निवड भरपूर आणि भाव बरे असतात हे खरे. पण एसएमपीएस बिघडला म्हणून ते धूड एसटीत घालून पुण्याला नेणे आत्याला शक्य नव्हते. तिने जवळचे दुकान निवडले आणि मला तिचा निर्णय पटला. दसरा-पाडव्याच्या मुहूर्तावर घ्यायचा असेल तर कोटेशन पंधरा दिवस आधी ठरवून ठेवावे, कारण सणाच्या दिवशी दुकानात नीट बोलायलाही कोणाला सवड नसते.

पायरी सहावी: ताब्यात घेताना

असेंबल्ड संगणक असेल तर खोकी आपल्यासमोर उघडायला सांगावीत आणि जोडणी होईपर्यंत तेथेच थांबावे. संगणक सुरू झाल्यावर सेटिंग्जमधील सिस्टिम आणि त्यातील अबाउट या पानावर प्रोसेसरचा क्रमांक आणि रॅम कोटेशनशी ताडून पाहावी. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. त्यातील परफॉर्मन्स या भागात डिस्कपुढे एसएसडी असे लिहिलेले दिसते आणि रॅमच्या किती खाचा भरल्या आहेत तेही दिसते. सेटिंग्जमध्येच ॲक्टिव्हेशन हा शब्द शोधून विंडोज सक्रिय असल्याची खात्री करावी. एखादा पेन ड्राइव्ह पुढच्या-मागच्या प्रत्येक यूएसबी खाचेत घालून पाहावा. याला सगळी मिळून वीस मिनिटे लागतात आणि चांगला दुकानदार त्याचे वाईट वाटून घेत नाही.

‘बिल नको असेल तर जीएसटीचे १८ टक्के वाचतील’ असे सुचवले गेले तर नम्रपणे नकार द्यावा. पक्क्या बिलाशिवाय वॉरंटीचा दावा दुबळा होतो. बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल क्रमांक लिहून घ्यावा, आणि व्यवसायाची जीएसटी नोंदणी असेल तर आपला क्रमांकही घालावा, म्हणजे भरलेल्या कराची वजावट मिळते. बिलाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. पुढे तक्रार ऐकली जात नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तेथेही सर्वांत आधी हे बिलच विचारले जाते.

जुना संगणक असल्यास तो भंगारवाल्याला देण्यापूर्वी त्यातली साठवण काढून घ्यावी, कारण नुसत्या पुसलेल्या फायली पुन्हा मिळवता येतात. आत्याच्या जुन्या संगणकात आम्ही २४० जीबीची साटा एसएसडी बसवली आणि विंडोज ११ त्यावर चालत नसल्यामुळे लिनक्स मिंट घातले. आता तो तिच्या नातीकडे आहे. काढलेली १ टीबी हार्ड डिस्क आम्ही यूएसबीच्या डबीत घातली, आणि दर रविवारी आत्या नव्या संगणकातली हिशेबाची फाइल तिच्यावर उतरवून ती कपाटात ठेवते.